सावलीतला पारा

मंत्र्यांनी सभागृहात सांगितलं की आमच्या शहराचं तापमान कमी झालं आहे. तेव्हा मी ऑफिसातल्या टीव्हीसमोर उभी होते. माझी पाठ घामाने चिंब झाली होती आणि डोक्यावरचा पंखा गरम हवा इकडची तिकडे करत होता.

"आपलं राज्य पहिलं," ते म्हणाले आणि सगळ्यांनी बाकं वाजवली. हवामानाचा कायदा करणारं पहिलं, प्रत्येक छतावर सौर पॅनल बसवायला घेणारं पहिलं, आणि आता कायदा आल्यापासून राजधानीचा उन्हाळा चक्क थंड करून दाखवणारंही पहिलंच. पुरावा म्हणून त्यांनी एक आलेख उंच धरला. आलेखातली रेघ घसरगुंडीसारखी खाली आली होती. ती रेघ माझी. म्हणजे तिच्यातला प्रत्येक आकडा मी घेतलेला, रोज दुपारी, स्वतःच्या डोळ्यांनी बघून. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता आणि तरी सगळं प्रकरण धादांत खोटं होतं. माझं डोकं ठणकायला लागलं ते तेव्हापासून.

मी राज्याच्या हवामान कक्षात निरीक्षक आहे. नाव ऐकून लोकांना वाटतं, बाई दिवसभर ढगांकडे बघत बसत असेल. तसं काही नाही. ऑफिसच्या आवारात एक पांढरी लाकडी पेटी आहे, चार उंच पायांवर उभी. तिला चारी बाजूंनी झडपा आहेत, म्हणजे हवा आत जाते पण ऊन जात नाही. आत तापमापक. त्याच्या काचेवर लाल रंगाने एक रेघ मारलेली आहे. पारा त्या रेघेच्या वर गेला की मी खोलीत यायचं आणि कॉम्प्युटरवर एक बटण दाबायचं. मग शहरातल्या झाडून सगळ्या कंत्राटदारांच्या आणि मजुरांच्या फोनवर मेसेज जातो: उघड्यावरचं काम ताबडतोब थांबवा, ऊन उतरेपर्यंत सुरू करू नका. थांबलेल्या वेळेची मजुरी कापायची नाही. कापली किंवा काम चालू ठेवलं तर परवाना रद्द. कायद्यातलं हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, हे नक्की कुणा शहाण्या माणसाने लिहिलंय.

पण पेटी आमच्या ताब्यात, आणि इथेच घोडं पेंड खातं.

पेटी आधी फाटकाजवळ होती, मोकळ्या जागेत, जिथे ती असायला हवी तिथेच. मग आमच्या साहेबांच्या मनात आलं की हवामान कक्षाचं आवार तरी हिरवं हवं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण असं व्हायला नको. तेही बरोबरच होतं. त्यांनी इमारतीच्या मागे बाग केली. उंच झाडं, वेलींचा मांडव, छोटं तळं, गवतावर पाणी उडवणारे फवारे. बाग सुरेख झाली, माझा तिच्यावर काडीचा राग नाही. तिला राज्यातल्या हरित कार्यालयाचं पहिलं बक्षीसही मिळालं. बक्षीसवाले फोटो काढायला आले तेव्हा साहेबांना वाटलं, फोटोत आपल्या कामाचंही काहीतरी दिसलं पाहिजे. म्हणून पेटी उचलून मांडवाखाली आणली. फोटो छान आला आणि पेटी तिथेच राहिली.

"साहेब, पेटी परत फाटकाशी कधी न्यायची?" मी तेव्हाच विचारलं होतं.

"नेऊ की. ही तात्पुरती सोय आहे."

सरकारी ऑफिसात तात्पुरत्या सोयीइतकं टिकाऊ काही नसतं. पेटीच्या पायांवर वेल चढला. त्यानंतर पारा एकदाही लाल रेघेवर गेला नाही आणि एकही मेसेज सुटला नाही. बाहेर रस्त्यावर डांबराला चपला चिकटत होत्या, नळाला कढत पाणी येत होतं, आणि आमच्या आलेखात उन्हाळा गुणी मुलासारखा थंड होत चालला होता. मी अर्ज केले, टिपणं लिहिली, तोंडी सांगितलं. सगळ्यांवर एकच शेरा आला: पाहिले.

एखाद्याने हे हसण्यावारी नेलं असतं. मीही नेलं असतं, पण माझा धाकटा भाऊ छतांवर पॅनल बसवतो.

आम्ही त्याला नान्या म्हणतो. आम्ही एकाच घरात राहतो. खाली मी, वर तो आणि त्याची बायको. नान्याच्या मते राज्याचं अख्खं वीजधोरण त्याच्या पान्यावर चाललंय, आणि खरं सांगायचं तर त्यात फारसं खोटंही नाही. मंत्री भाषणं करतात, आम्ही अहवाल लिहितो, पण पत्र्यावर उकिडवं बसून बोल्ट आवळतो तो नान्याच. पत्रा खालून भाजतो, ऊन वरून, आणि पॅनलच्या काचेवरची तिरीप समोरून डोळ्यांत जाते.

गेल्या आठवड्यात त्याला दोन सोबत्यांनी धरून घरी आणलं. उलट्या थांबेनात, पोटऱ्यांत पेटके, लघवी काळ्या चहासारखी. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "या वेळी निभावलं. किडन्यांवर ताण आलाय. पुन्हा उन्हात असे पडले तर मी कसलीही हमी देणार नाही." हे मी नान्याला शब्दन् शब्द सांगितलं. त्याने मान डोलावली, जरा बरं वाटल्याबरोबर पिशवी उचलली आणि पुन्हा कामावर गेला.

मंत्र्यांच्या भाषणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीही तो असाच बूट चढवत बसला होता. त्या दिवशी 'प्रत्येक छत' मोहिमेतलं शेवटचं छत पुरं व्हायचं होतं. शहराच्या टोकाला धान्याचं मोठं गोदाम आहे, त्याचा पत्रा. संध्याकाळी मंत्री येऊन कळ दाबणार होते. सरकारला एवढं मोठं छत नेमकं भर उन्हाळ्यातच का पुरं करायचं होतं, हे विचारायची सोय नव्हती.

"दुपारी तरी खाली उतर," मी म्हटलं. "गोदामात बस. ऊन उतरलं की चढ."

"मेसेज आला की उतरतो की. मी कुठे नाही म्हणतोय?"

"मेसेज यायचा नाही, नान्या."

"मग तेवढं ऊन नसेल." तो बुटाची नाडी बांधत म्हणाला. "ताई, मेसेज कोण पाठवतं? तूच ना? आमचा मुकादम सगळ्यांना काय सांगतो माहितीये? म्हणतो, अरे ह्याची सख्खी बहीण बसलीये तिथे. खरंच धोका असता तर ती भावासाठी तरी गप्प बसली असती का?"

कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. मी त्याला पेटीचं सगळं सांगितलं, फोटो, मांडव, फवारे. तो हसत सुटला.

"म्हणजे सरकारची पेटी चुकीची आणि तू एकटी बरोबर! तुला लहानपणापासून सगळ्यांतच खोट दिसते, ताई. पॅनलसुद्धा तुला वाकडंच दिसतं." मग जरा नरमाईने म्हणाला, "आजचा दिवस. एवढं एक छत झालं की चार दिवस झोपून राहतो, शप्पथ."

त्याची बायको जिन्यात उभी होती. तो गेल्यावर ती म्हणाली, "माझं तर ऐकतच नाहीत. मला वाटलं, ताई, तुमचं तरी ऐकतील."

"माझंच ऐकतोय तो," मी म्हटलं. "तेच तर झालंय ना!"

अशा मनःस्थितीत मी ऑफिसात पोचले आणि आधी बागेत गेले, एरवी मी दुपारी जाते. पेटीवर ओलं पोतं घातलेलं होतं. पोत्यातून पाणी ठिबकत होतं. माळीमामा बाजूला उभं राहून त्यावर झारीने आणखी पाणी घालत होते.

"मामा, हे काय?"

"पोतं."

"ते दिसतंय मला. पेटीवर कशाला घातलंय?"

"ऊन बघा ना बाई किती आहे," मामा म्हणाले. "साहेबांनी सांगून ठेवलंय, आत नाजूक यंत्र आहे, जीवापाड जपा. आता या उन्हात मला तर बघवत नाही. तापतं हो ते बिचारं."

"अहो, त्याने तापावं म्हणूनच ठेवलंय ते!"

तान्हं मूल उन्हात टाकायला निघालेल्या बाईकडे बघावं तसं मामांनी माझ्याकडे बघितलं.

"रोज घालता?" मी विचारलं.

"रोज. तुम्ही यायच्या आधी काढून ठेवतो. उगाच तुमचे हात ओले व्हायला नकोत."

मी तिथल्या दगडावर बसले. मांडव, झाडं, तळं, फवारे आणि वर हे ओलं पोतं. एवढी बडदास्त तर कुणी जावयाचीही ठेवत नाही. अख्ख्या शहराच्या उन्हाचा निवाडा करणारी ती पेटी, आणि तिला मामांनी मायेने पार गारेगार करून ठेवलं होतं. मामांना रागावून तरी काय करणार? त्यांनी आपलं काम आमच्यापेक्षा मन लावून केलं होतं.

मी तडक साहेबांच्या खोलीत गेले. तिथे एसी होता. साहेब खुशीत होते.

"या, बसा. काल बघितलंत ना? मंत्रीसाहेबांनी भर सभागृहात आपला आलेख दाखवला!"

"साहेब, तो आलेख बागेचा आहे. शहराचा नाही."

"बाग शहरातच आहे ना?"

"पेटीवर ओलं पोतं घालतात, साहेब."

"कोण?" ते क्षणभर चपापले, मग म्हणाले, "सांगतो मी माळ्याला. तेवढ्याने काय फरक पडतो?"

"पेटी आजच्या आज फाटकाशी नेऊ या. तिच्या मूळ जागी."

"अशी कशी नेता येईल? पेटीची जागा बदलायची तर समितीची मान्यता लागते."

"इथे आणताना घेतली होती?"

"तेव्हा जागा बदललीच नव्हती. फोटोपुरती सरकवली होती."

"मग फोटो झालाय. परत सरकवू."

"बाई, आता ती इतके दिवस तिथे आहे. आता सरकवली तर ती जागा बदलल्यासारखी होईल."

हे सगळं ते गंभीरपणे बोलत होते. हसावं की रडावं मला कळेना.

"बरं, समिती कधी बसते?"

"उन्हाळा संपल्यावर. या दिवसांत सगळे सदस्य थंड हवेच्या ठिकाणी असतात."

मग मी त्यांना नान्याचं सांगितलं. सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले तेही. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी "अरेरे" म्हटलं आणि ते मनापासून म्हटलं. मग खुर्चीत पुढे सरकले.

"पण तुम्ही मोठं चित्र बघा. पारा चढला की मेसेज जाणार. मेसेज गेला की छतं थांबणार. छतं थांबली की स्वच्छ वीज थांबली, आणि स्वच्छ वीज थांबली की ऊन आणखी वाढणार. म्हणजे उन्हापासून वाचवायला तुम्ही ऊनच वाढवणार. हे तुमच्यासारख्या हुशार बाईच्या लक्षात कसं येत नाही?"

त्यांचा तर्क असा गोल गिरकी घेऊन यायचा की क्षणभर मलाच वाटायचं, चुकतंय ते माझंच. मी उठले.

"आणि प्रगती अहवालातला तापमानाचा परिच्छेद दुपारपर्यंत द्या," ते म्हणाले. "जरा उत्साहाने लिहा. मागच्या वेळी फार कोरडा झाला होता."

"फवारे चालू आहेत, साहेब. या वेळी कोरडा राहायचा नाही."

परिच्छेद लिहायला बसले, पण एक ओळ होईना. 'राज्याच्या दूरदर्शी धोरणामुळे' एवढं लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. आणि तेवढ्यात भावजयीचा फोन आला.

"ताई, आत्ता ह्यांचा फोन आला होता. बोलणं नीट कळत नव्हतं. बोटं आखडलीत म्हणाले, पाना हातातून सटकतोय. मी म्हटलं, आधी खाली उतरा. तर म्हणतात, अजून मेसेज नाही आला, बाकीचे काम करताहेत, मी एकटा कसा उतरू. ताई, तुम्ही बोला ना त्यांच्याशी."

मी नान्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. गोदाम शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मिळेल ते वाहन पकडून गेले असते तरी पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं असतं. आणि पोचून तरी काय? खालून कितीही ओरडले असते तरी पालथ्या घड्यावर पाणी. त्याला उतरवू शकत होता तो एक मेसेज.

मनात आलं, दाबून टाकावं बटण. कोण बघतंय? पण मग आकडा खोटा लिहावा लागला असता. इतके दिवस मी एकही आकडा खोटा लिहिलेला नव्हता, तेवढीच एक गोष्ट माझ्याकडे होती ज्याच्या जोरावर मी भांडत होते. ती मला सोडायची नव्हती. मी बागेत गेले.

पोतं काढलेलं होतं, फवारे चालू होते. पारा रेघेच्या खाली होता, बराच खाली. मी पेटीचे दोन पाय धरले आणि ओढले. वेल कडाकड तुटला.

"अहो, अहो!" मामा धावत आले. "वेल तुटला!"

"तुटू दे."

"साहेब मला धरतील, बाई."

"त्यांना सांगा, बाईंनी नेली. बाईंचं डोकं फिरलंय म्हणावं."

मी ओढत निघाले. गवतातून पेटी कशीबशी सरकत होती, पण फरशीवर आल्यावर एक पाय अडकला आणि ती एका अंगाला कलली.

"थांबा, थांबा! आतलं यंत्र फुटेल की!" मामांना ते बघवलं नाही. त्यांनी दुसऱ्या बाजूचे पाय धरले आणि पेटी अलगद उचलली. "अशी धरायची असते. ओढतात का कधी?" असं पुटपुटत, मला सबंध वाट शिव्याशाप देत ते पेटी घेऊन माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. यंत्राच्या काळजीने का होईना, त्यांनी मदत केली.

फाटकाजवळ पेटीच्या पायांचे जुने खड्डे अजून होते. आम्ही पाय त्यांत बसवले. मामांनी लगेच पोतं आणायला पाय उचलला. मी त्यांच्या वाटेत उभी राहिले.

"आता हात लावलात तर मीच तुमच्यावर फवारा सोडीन, मामा."

ते बिचारे फाटकाच्या सावलीत जाऊन बसले आणि तिथून पेटीकडे बघून चुकचुकत राहिले.

तापमापकाला घाई करून चालत नाही. पारा स्थिर होईपर्यंत थांबायचं, तसा नियमच आहे. मी उन्हात उभी राहिले. डोक्याची कवटी तापत होती, डोळ्यांपुढे पिवळं दिसत होतं. माझी ही अवस्था जमिनीवर, आणि तो पत्र्यावर होता. हातातला फोन पुन्हा पुन्हा लावत होते आणि तो नुसता वाजत होता. वाटलं, ही झडप उघडून आत हात घालावा आणि पाऱ्याला वर ढकलावं. माझा उभा जन्म या आकड्यांत गेला, पण आकडा वर जावा म्हणून मी कधी अशी जीव टांगणीला लावून उभी राहिले नव्हते.

पारा स्थिर झाला तेव्हा मी झडप उघडली. तो लाल रेघ ओलांडून पार पलीकडे गेला होता. थोडाथोडका नाही, रेघ शोधावी लागली इतका. आनंद वगैरे काही झाला नाही. एवढ्या उन्हात आम्ही माणसांना राबवत होतो आणि वर आलेख मिरवत होतो, याचा असा संताप आला की झडप मी आपटूनच लावली. मी धावत खोलीत गेले, आकडा लिहिला आणि बटण दाबलं.

ऑफिसातले सगळे फोन एकदम वाजले. साहेबांचाही वाजला असणार, कारण ते स्वतः उठून माझ्या खोलीत आले.

"हा मेसेज कुणी सोडला?"

"पाऱ्याने, साहेब."

"थट्टा पुरे. संध्याकाळी कार्यक्रम आहे. मागे घ्या तो."

"मागे घ्यायची तरतूद नाही."

"कुणी सांगितलं?"

"कायद्यात आहे. मसुदा होत होता तेव्हा तुम्हीच तसं करून घेतलंत. बैठकीत म्हणाला होतात, कंत्राटदार दबाव आणतील, मेसेज मागे घ्यायला लावतील, म्हणून तो मागे घेताच येऊ नये."

स्वतःचंच वाक्य समोर आल्यावर माणूस ओळखीचं कुणी भेटल्यासारखा बघतो, तसे साहेब क्षणभर बघत राहिले. तेवढ्यात त्यांचा फोन पुन्हा वाजला आणि ते ताठ उभे राहिले. पलीकडे मंत्र्यांचं ऑफिस असणार. "हो साहेब. हो. नाही साहेब, तांत्रिक बाब आहे. बघतो साहेब." फोन ठेवून ते माझ्याकडे वळले.

"त्यांना मी काय सांगू?"

"ऊन आहे म्हणून सांगा."

"आणि आलेख? एका दुपारीत असा वर चढेल?"

"खाली आला होता तोही एका दुपारीतच, साहेब. फोटो काढला त्या."

"मला लेखी खुलासा हवाय. आत्ता," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन शिपायाला काहीतरी सांगायला लागले.

मी पुन्हा नान्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मुकादमाचा नंबर माझ्याकडे नव्हता. भावजयीचे मेसेज येत होते, 'बोललात का?' तिला काय उत्तर देऊ? एवढा वेळ अंगात होता तो राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती भीती उरली. मेसेज पोचला का? पोचला तर कुणी वाचला का? उतरवलं असेल का त्याला, की तो तिथेच पडला असेल आणि बाकीचे आपापले उतरून गेले असतील? साहेब दारात परत येऊन उभे राहिले होते, काही म्हणत होते. मी त्यांना हात करून थांबवलं.

फोन उचलला गेला.

"कोण गाढव बसलंय तुमच्या ऑफिसात?" नान्या ओरडला. आवाज घोगरा होता, जीभ जड झाली होती, पण ओरडत होता. "एक पॅनल राहिलं होतं! एक! आणि त्या गाढवाने मेसेज सोडला. मुकादमाने लगेच शिट्टी मारली. परवान्याला घाबरतो तो. सगळे खाली म्हणे, आत्ताच्या आत्ता."

"तू उतरलास?"

"उतरतोय कसला! शिडी धरता येईना. बोटं उघडतच नव्हती. मी म्हटलं, बसू दे मला इथेच जरा. तर दोघांनी कमरेला दोर बांधून धान्याच्या पोत्यासारखं खाली सोडलं मला. सगळे बघत होते, ताई! आता गोदामात आडवं पाडलंय आणि डोक्यावर पाणी ओततायत. बूट काढले, शर्ट काढला, फोनसुद्धा भिजवला माझा. डॉक्टरला बोलावलंय म्हणे. कशाला? मेसेज आला नसता तर एव्हाना संपवून मोकळा झालो असतो मी."

गाल ओले झाले होते, ते कशाने पुसावे तेही सुचेना. साहेब दारात उभे आहेत, त्यांच्यासमोर रडू नये असं वाटत होतं आणि थांबवताही येत नव्हतं.

"ताई? ऐकतेयस ना? त्या गाढवाला सांग माझ्या वतीने."

"सांगते," मी म्हणाले. "पाणी पी. थोडं थोडं पी. आणि बोलत राहा."

तो बोलत राहिला. पॅनल कोणत्या कोपऱ्यातलं राहिलं, मुकादम कसा घाबरट आहे, मंत्री आता कसली डोंबलाची कळ दाबणार. मी खिडकीकडे वळले. खाली शिपाई आणि माळीमामा पेटी उचलून परत बागेकडे नेत होते. मामांनी तिच्यावर पोतंही टाकलं होतं.

"उद्या तरी नाही ना येणार तो मेसेज?" नान्याने विचारलं. "उद्या तेवढं एक पॅनल बसवून टाकतो. सकाळी जरा बरं वाटलं की..."

"येईल," मी म्हणाले. "उद्या येईल, परवा येईल. असं ऊन आहे तोवर रोज येईल."

"रोज? मग आम्ही काम करायचं कधी?"

"पहाटे करा. संध्याकाळी करा. मरायला कुणी सांगितलेलं नाही तुम्हाला."

"वा गं वा!" म्हणून त्याने पुन्हा सुरुवात केली, या खेपेला राज्याच्या वीजधोरणापासून. मी त्याला बोलू दिलं. फोन कानाशी तसाच धरून साहेबांच्या बाजूने वाट काढली, जिना उतरले आणि मामांना हाक मारली, पेटी आहे तिथेच खाली ठेवा म्हणून.